भिंतीवरची नाकं

४ मार्च

चिमटे, माझ्या लाडके,

आधी विचारपूस, मग भांडण. तुझ्या आईचा खांदा कसा आहे? दिवसभर शिलाई मशीनवर वाकून बसते, तिला म्हणावं, रात्री गरम पाण्याची पिशवी घे आणि मालकाकडून उंच स्टूल मागून घे, लाजू नकोस. तुझ्या बाबाचं पोट काय म्हणतं? अजून गिळतोच का, की आता चावतोही? खालच्या मजल्यावरच्या बहिऱ्या काकांचा खोकला थांबला का? आणि तुझे डोळे? चष्मा सारखा घसरतो असं लिहिलं होतंस. माझं विचारशील तर गुडघे कुरकुरतात, दोन दात हलतात, जीभ मात्र ठणठणीत आहे. ते तुला पुढच्या ओळीपासून कळेलच.

तुला सोळावं लागलं. म्हणजे सुबक कार्यालयातून बोलावणं येणार. जाशील एका चेहऱ्याने आणि येशील सगळ्यांच्या चेहऱ्याने. तेच नाक, तीच हनुवटी, तेच ओठ आणि जन्मात आठी पडणार नाही असं गुळगुळीत कपाळ. या लोकांना दुसऱ्याच्या तोंडाशी काय करायचंय गं? आपली तोंडं सांभाळा की!

मला वय झालं म्हणून माफी आहे. म्हणजे काय, तर मला सुधारून फायदा नाही. पण रस्त्यावर निघाले की झाकणी बांधावी लागते. राखाडी कापड, डोळ्यांपुरती दोन भोकं, मागे बंद. तुझ्या आईच्याच कारखान्यात शिवलेली असेल. आत घाम येतो, चष्म्यावर वाफ धरते, परवा दुधवाल्याऐवजी विजेच्या खांबाला हिशेब विचारत होते. लोक मात्र चार हात लांबून जातात. जणू मी शिंकले तर माझं नाक उडून त्यांना चिकटेल!

दुकानाचं काय सांगू. तुझ्या आजोबांनी मला चष्मे करायला शिकवलं तेव्हा गिऱ्हाईक स्टुलावर बसायचं, आम्ही तांब्याची मऊ तार त्याच्या नाकाच्या दांड्यावर ठेवायचो आणि दोन बोटांनी हलकेच दाबायचो. नाक तारेत उतरायचं. मग त्या तारेबरहुकूम फ्रेम वाकवायची आणि तार चिठ्ठी बांधून भिंतीवरच्या खिळ्याला टांगायची. अख्ख्या गल्लीची नाकं आहेत माझ्या भिंतीवर. आता कंपनी खोकी पाठवते, सगळ्या फ्रेमा एकाच मापाच्या, अंड्यांसारख्या रचलेल्या. मी विकते. वाकवायला काही उरलंच नाही.

गेल्या आठवड्यात एक बाई आली. सुबक झालेली, त्यामुळे कोण ते कळेना. नाव सांगितलं, म्हणाली, “लहानपणी इथे चष्मा केला होता. माझं नाक आहे का हो अजून?” मी शोधून दिलं. तार हातात घेऊन ती बराच वेळ उभी होती. रडत असावी. आवाज तसा येत होता. तोंड मात्र आपलं हसतंय! चिमटे, इतका संताप आला मला, की ती गेल्यावर मी कंपनीचं खोकं लाथाडलं. अंगठा सुजला.

तेव्हा तू नाही म्हणायचंस. बस्स. माळ्यावर तुझी गादी घातली आहे, कपाट रिकामं केलं आहे, फ्रेमा सांधायचं झारणकाम शिकवीन, पोटापुरतं मिळेल. सोबत तारेचा तुकडा पाठवते. तुझी तार तिसरीतली आहे आणि नाकं वाढतात. आरशासमोर बस, दांड्यावर ठेव, दाब आणि तशीच पाठव. पुढचा चष्मा अस्सा बसवते की घसरायची हिंमत होणार नाही.

तुझी,
आत्या


११ मार्च

आत्या,

आईचा खांदा तसाच. स्टूल मागितलं तर मालक म्हणाला, सुबक बाई वाकली तरी छान दिसते. बाबा चावत नाहीत. काकांना खोकला आहेच, पण त्यांना तो ऐकू येत नाही म्हणून ते म्हणतात बरा आहे. तुझा अंगठा?

आता माझं भांडण. तू गादी घातलीस, कपाट रिकामं केलंस, झारणकाम शिकवायचं ठरवलंस. मला कोणी विचारलं? कार्यालय म्हणतं हो म्हण, तू म्हणतेस नाही म्हण, आणि माझं तोंड मधल्या मधे नुसतं चिकटवलेलं! चेहरा माझा आहे ना? मग मला जरा विचार तर करू दे.

मी विचार करते आहे, खरंच. शेजारची मैत्रीण गेल्या महिन्यात जाऊन आली. बसथांब्यावर पाच मुली उभ्या होत्या. मी पाचही जणींकडे बघितलं आणि मला माझी मैत्रीण सापडेना. पहिलीपासून एका बाकावर बसलोय आम्ही! शेवटी तिला शिंक आली. ती शिंकते तशी जगात कोणी शिंकत नाही, तीन छोट्या आणि एक तोफ. मग मी तिला मिठी मारली. ती म्हणाली, “बरं झालं, नाही तर मलाही मी सापडले नसते.” आणि हसली. की आधीपासूनच हसत होती, ते कळलं नाही.

पण आत्या, तिला प्रवेश मिळालाय. चित्रकलेच्या शाळेत, पुढच्या दाराने. झाकणीवाल्यांना पुढचं दार नसतं. मला तिथेच जायचंय. तू हे लिहिलं नाहीस तुझ्या पत्रात.

एक मात्र नक्की. आईला राग आला की मला आवाजावरूनच कळतो, कपाळ हलत नाही. मला आठी पडते. मला ती आवडते. आरशात बघितली परवा, दोन भुवयांच्या मधे, उभी.

घाई नाही. बाबा म्हणालेत, परीक्षा होऊ दे, मग तिघं बसून ठरवू, तुला विचारल्याशिवाय काही नाही. तार केली आहे. गुदगुल्या झाल्या. पाकीट बाबांकडे देते, त्यांच्या स्टेशनातच टपालपेटी आहे.

रागावू नकोस. किंवा रागाव, तुला पडते आठी.

चिमटी


१७ मार्च

चिमटे,

तुझं भांडण वाचून आधी मी फुगून बसले, मग हसले, मग माळ्यावरची गादी गुंडाळून ठेवली. तुझंच बरोबर आहे, असं लिहिणार होते.

मग पाकिटातली तार काढली.

माझ्याकडे कंपनीचा लाकडी ठोकळा आहे. सगळ्या सुबक नाकांचा बाप तो. सहज तुझी तार त्यावर ठेवली आणि ती बसली. नुसती बसली नाही, चिकटली. केसभर फट नाही. चिमटे, तुझ्या नाकाला मधे उंचवटा आहे. तो माझ्या आईचा आहे, माझा आहे, जन्मल्या दिवशी मी त्यावर बोट ठेवून म्हटलं होतं, ही आमची. या तारेत तो नाही.

वर तारेच्या उजव्या टोकाला बारीक वळसा आहे. उजवी बाजू कळावी म्हणून आपल्याकडे तो घालतात. तुला मी कधी शिकवला नाही. जगात दोघांनाच येतो, मला आणि तुझ्या बाबाला.

म्हणजे काय समजू मी? जाऊन आलीस, बापाने माप घेतलं, आणि मला आठीच्या गोष्टी लिहिल्यास? “विचार करते आहे” म्हणे! करून आली असतीस आणि सरळ सांगितलं असतंस, तर मी दोन दिवस रडले असते आणि चष्मा केला असता. तुझा चेहरा, तुझी मर्जी. पण मला खोटं लिहिलंस? मला?

काय ते खरं लिही.

आत्या


२० मार्च

आत्या,

माझं नाक माझ्या तोंडावर आहे! उंचवट्यासकट! आत्ता लिहिताना डाव्या हाताने चाचपून बघतेय. मी कुठेही गेले नाही, खोटं लिहिलं नाही आणि मला वळसाबिळसा येत नाही. मी पाठवली ती तार वाकडीतिकडी होती आणि तिला चष्म्याखालच्या क्रीमचा डाग लागला होता.

तुझं पत्र घेऊन मी सरळ बाबांपुढे उभी राहिले. म्हटलं, “ही तार कोणाच्या नाकाची?”

ते जेवत होते. म्हणाले, “आधी जेवू दे.”

“कोणाच्या नाकाची?”

“माझ्या. तुझं नाक महिनाअखेरीपर्यंत तसंच होणार आहे ना. मग चष्मा त्याच मापाचा नको?”

आत्या, त्यांनी पाकीट फोडलं, माझी तार काढली आणि स्वतःच्या नाकावर दुसरी वाकवून घातली. कारण तारीख घेऊन झालीय. परीक्षेनंतर नाही, या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. अंगठा देऊन झालाय. मला हातखर्चाला पैसे देताना विचारतात कशाला हवेत, आणि माझं तोंड देताना विचारलं नाही! वर चष्म्याची सोय मात्र केली. हौशी बाप!

आई म्हणाली, “मलाही आत्ताच कळतंय.” कपाळ गुळगुळीत. हातातली वाटी मात्र तिने इतक्या जोरात ठेवली की फुटली.

मी सुबक कार्यालयात गेले होते. खिडकीतली बाई म्हणाली, अंगठा ज्याने दिला त्यानेच मागे घ्यायचा, तोही तारखेच्या आधी, स्वतः येऊन. “पण चेहरा माझा आहे!” “हो, पण अंगठा त्यांचा आहे ना, बाळ.” हसत.

विचार करून होईपर्यंतही थांबत नाहीत गं. आता माझा विचार झाला. मला नको आहे.

चिमटी


२२ मार्च

धाकट्या,

तुझ्या पोटाची चौकशी आज करत नाही. दुखत असेल तर दुखू दे.

आपल्या बापाने तुझ्या हाताला वळसा लावला. तो वळसा गिऱ्हाइकाला आपलं नाक आपल्या जागी मिळावं म्हणून होता, पोरीचं नाक तिच्या नकळत विकायला नव्हता! अरे, टपालात टाक म्हणून विश्वासाने दिलेलं पाकीट फोडलंस. आणि खोटं बोलताना तुझा हात मात्र खरं बोलून गेला. सवयीने वळसा घातलास आणि पकडला गेलास. बापाची शिकवण एवढी तरी उरली म्हणायची तुझ्यात.

तू तिशीत रांगेत उभा राहून तुझा चेहरा देऊन आलास. मी चकार शब्द काढला नाही, सोबत डबा दिला. तुझा होता. हा तुझा नाही. तुझ्यावरून बेतला असेल, म्हणून तुझा होत नाही. मीसुद्धा तिला माझ्या मताने ओढायला निघाले होते, तिने मला एका पत्रात जागेवर बसवलं. तिला विचारायचं, एवढंच तर काम होतं रे आपल्याला.

सोबत एक तार आहे. भिंतीवरून काढली. ही तुझी, तू आठवीत असतानाची. बघ, मधे उंचवटा आहे आणि पुढे किंचित डावीकडे कलते, तू दुकानाच्या शिडीवरून पालथा पडला होतास तेव्हाची. आईने रक्त पुसताना म्हटलं होतं, आता गर्दीतही ओळखीन मी याला. ठेव तुझ्या नाकावर. बसते का बघ. आणि मग पोरीकडे बघ.

अंगठा मागे घे.

ताई


२५ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचलं. मला राग आला आहे. लिहून सांगावं लागतं, कारण समोर असतीस तर तुला दिसला नसता.

तुला भिंतीवर नाकं टांगून बोलायला काय जातं? तू एकटी. झाकणी बांधून दूध आणलं की तुझा दिवस झाला. मी स्टेशनात चौकशीच्या खिडकीत बसतो. झाकणीवालं कोणी पुढे आलं की मी त्याला मागच्या रांगेत पाठवतो. नियम आहे. मागची रांग उन्हात असते, आणि तिथली खिडकी उघडते तेव्हा गाडी सुटलेली असते. मी रोज बघतो ताई. काल एक बाई तान्हं मूल घेऊन होती. तिलाही पाठवली. माझी मुलगी त्या रांगेत उभी राहावी असं वाटतं तुला? जन्मभर? शाळेचं मागचं दार, दवाखान्याचं मागचं दार, लग्नाचं तर दारच नाही!

साहेबांनी विचारलं, खिडकीत बसणाऱ्याची मुलगी अजून तशीच कशी? मी काय सांगू, तिला आठी आवडते म्हणून? आज ती रडेल, वर्षभराने विसरेल. मी नाही का विसरलो?

तार मिळाली. ड्रॉवरमधे टाकली आहे. अंगठा मागे घेणार नाही. चष्मा त्या ठोकळ्याच्या मापाचाच पाठव.

धाकटा


९ एप्रिल

आत्या,

तुझ्या तीन चिठ्ठ्या आल्या, काय झालं, काय झालं, काय झालं गं कार्टे. सांगते. इकडे घरच उलटंपालटं झालं होतं.

तारखेच्या दोन दिवस आधी संध्याकाळी बाबा आरशापुढे उभे होते. तू धाडलेली त्यांची आठवीतली तार नाकावर. ती डुगडुगत होती, एक पाय तोकडा असलेल्या स्टुलासारखी. या बाजूने दाबली की त्या बाजूने उठायची. आईला म्हणाले, “मी असा होतो?”

आई म्हणाली, “मी त्याच्याशीच तर लग्न केलं होतं.”

मला वाटलं आता विरघळले. छे! तार काढली, ड्रॉवर बंद केला आणि म्हणाले, परवा सकाळी लवकर निघायचं आहे.

मग दुसऱ्या दिवशी मी आईच्या शिलाईच्या गठ्ठ्यातून एक झाकणी काढून घेतली. बांधली आणि स्टेशनात गेले. त्यांच्या खिडकीपुढे रांगेत उभी राहिले. आत इतका घाम येतो हे तू सांगितलं होतंस, पण आपलाच श्वास आपल्यालाच परत मिळतो हे नव्हतं सांगितलंस. चष्म्यावर वाफ. माझा नंबर आला. मी आवाज जाड करून विचारलं, “चित्रकलेच्या शाळेकडे कुठली गाडी जाते?”

बाबांनी वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, “मागच्या रांगेत.”

“इथे सांगितलंत तर काय होईल?”

“मागे जा बाई, खोळंबा करू नकोस.”

“बाबा, मी आहे.”

आता त्यांनी मान वर केली. मागचे लोक ओरडायला लागले. मी झाकणी सोडली नाही. म्हटलं, “तुम्ही म्हणता जग मला मागे पाठवेल. कुठलं जग? हा हात कोणाचा आहे? मला मागे तुम्ही पाठवताय! मग माझं नाक कशाला कापताय, तुमचा हात आवरा की!”

मला वाटलं होतं बोलताना रडू येईल. नाही आलं. इतका राग आला होता की वाफेतूनही स्पष्ट दिसत होतं.

बाबांनी खिडकी बंद केली. भर गर्दीच्या वेळी. बाहेर आले, माझा दंड धरला आणि चालायला लागले. मला वाटलं घरी नेऊन बदडतील. ते सुबक कार्यालयात शिरले.

पुढचं तुला बघायला हवं होतं. तिथला कारकून म्हणाला, उद्याच्याच तारखेचा अंगठा आज कसा मागे घेता येईल? बाबा म्हणाले, घेता येतो, मी तुमच्यासारखीच खिडकी चालवतो, मला नियम सांगू नका. तो म्हणाला, पोरीचं नुकसान करताय. बाबा म्हणाले, तिला विचारलं का कोणी? मी नाही विचारलं, तुम्ही विचारलंत? आवाज चढत गेले. टेबलावर मुठी आपटल्या. आणि आत्या, दोघांचे चेहरे हसरे! दोन गुळगुळीत कपाळं, चार गोड ओठ, आणि आतून “हरामखोरा” येतंय. बाकावर बसलेल्या मुली टकामका बघत होत्या. बाबा कपाळ वळवायचा इतका जोर करत होते की कानांच्या पाळ्या हलत होत्या. आठी पडली नाही ती नाहीच. गळ्याची शीर मात्र दोरीसारखी उभी राहिली. ती दिसली कारकुनाला. त्याने रद्द केल्याचा अंगठा घेतला.

बाहेर आल्यावर बाबा पायरीवर बसले. म्हणाले, “मला आता नीट रागावताही येत नाही गं.” मी शेजारी बसले आणि त्यांच्या वाटची आठी घातली.

आता वाईट बातम्या. बाबांना खिडकीवरून उचलून सामानाच्या कोठारात टाकलंय, पगार कमी. चित्रकलेच्या शाळेने लिहिलंय, मागच्या दाराचे वर्ग “तूर्त भरत नाहीत”. मी दर सोमवारी जाऊन विचारणार आहे, कधी भरतात. सोळावं लागलेल्यांना सूट नाही म्हणून झाकणीही बांधावी लागतेच. आणि मैत्रीण माझ्यासोबत चालत नाही. म्हणजे चालते, पण दहा पावलं पुढे. मला राग येतो आणि तिची शिंकही ऐकू येते.

तुला एक सांगून ठेवते. पुढे कधी माझ्याच मनात आलं तर मी जाईनही तिथे, कोणी सांगावं. तेव्हा तू तोंड घालायचं नाहीस. गादी मात्र गुंडाळलेली राहू दे, सुट्टीत येईन.

आता कामाचं. झाकणीवर चष्मा राहतच नाही, घसरतो, आणि आत घातला तर वाफ. दोनदा जिन्यावरून पडले. आई बघत होती. तिने एक झाकणी मांडीवर घेतली, कात्रीने मधोमध उभा काप दिला, चारही बाजूंनी टीप मारली, अशी सुंदर काजपट्टी की बस्स. माझ्या तोंडावर बांधली आणि त्या कापातून माझं नाक बाहेर ओढलं. उंचवट्यासकट. म्हणाली, “नियमात डोळ्यांना भोकं सांगितलीत. नाकाला नको असं कुठे लिहिलंय?” बाजारात सगळे वळून बघत होते. दवाखान्याच्या मागच्या दारात एका म्हातारीने मला थांबवून विचारलं, कुठे मिळाली? त्या दिवसापासून आईचा खांदा जास्तच दुखतो. मागणी वाढलीय.

सोबत तार आहे. या वेळी बाबांनी घेतली. मला स्टुलावर बसवलं, तार ठेवली आणि दोन बोटांनी दाबली. मला गुदगुल्या झाल्या, मी हलले, पुन्हा घेतली. तिसऱ्या वेळी नीट आली. उजव्या टोकाला वळसा आहे, बघ. मलाही शिकवला.

या मापाचा चष्मा कर. घसरायची हिंमत होणार नाही असा, म्हणाली होतीस. ही तार काम झाल्यावर भिंतीवर लाव, बाबांच्या रिकाम्या खिळ्याशेजारी. त्यांची परत मिळणार नाही, ती ते खिशात घेऊन हिंडतात.

सोमवारी शाळेच्या दारात पुन्हा उभं राहायचं आहे. तिथली पाटी मला धुरकट नको, लख्ख दिसायला हवी. तेव्हा चष्मा आणि पत्र, दोन्ही लगोलग धाड.

चिमटी